भूल उतरेपर्यंत

डॉक्टरबाईंनी सुई बाहेर काढली, गाल आणि हिरडीच्या मध्ये कापसाची गुंडाळी सारली आणि खुर्ची जराशी मागे कलती केली. भूल चढायला आता थोडा वेळ होता. त्यांनी पायानं स्टूल जवळ ओढलं, "तुम्हाला एक सांगू का," एवढं म्हणाल्या आणि थांबल्या.

खुर्चीतला बेकरीवाला वाट बघत राहिला. तो जुना पेशंट. त्याचं निम्मं तोंड बाईंच्या हातून गेलं होतं आणि दर खेपेला भूल चढेपर्यंत त्यानं निमूटपणे गोष्ट ऐकली होती. आज बाई पुढे बोलेनात, तेव्हा त्यानं भुवया उंचावल्या आणि कापसासकट विचारलं,

"आअ ओष्ट आई?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज गोष्ट नाही."

दुसऱ्या कुणाला त्यातलं फक्त 'आई' ऐकू आलं असतं. पण तोंडात कापूस, अर्धी जीभ बधिर आणि वर लाळ ओढणारी नळी, अशा अवस्थेतलं बोलणं बाईंना मायबोलीसारखं कळायचं. पेशंट चेष्टेनं म्हणत, एखादा मेलेला माणूस खुर्चीत आणून ठेवला तरी बाई त्याचं म्हणणं काय ते सांगतील.

काम आटोपल्यावर बेकरीवाल्यानं चूळ भरली, उठला, आणि बधिर ओठ सावरत म्हणाला, "होतं असं. घरातलं माणूस गेलं की जिभेवरचे शब्द पण सुतकात जातात."

बाईंनी मान हलवली. तो गेला तरी लाळ ओढणारी नळी बंद करायची राहून गेली होती. रिकाम्या खुर्चीशेजारी ती घरघरत होती आणि त्या घरघरीत कुणीतरी बोलत असल्यासारखं वाटत होतं. बाईंनी खटका दाबला. ते बोलणं लगेच थांबलं नाही.

गोष्ट सांगणं हा त्यांचा नेम होता. तरुणपणी चर्चच्या एका म्हाताऱ्या पाळकांनी त्यांना सांगितलं होतं, शेजारी बुडत असताना दोर हातात धरून नुसता उभा राहतो त्याला पोहणारा म्हणत नाहीत, आणि भलामाणूसही म्हणत नाहीत. ते वाक्य त्यांच्या काळजात घर करून बसलं. समोर आलेला माणूस सुवार्ता न ऐकता परत गेला, तर उद्या त्याचा हिशोब देव आपल्याकडे मागेल, अशी त्यांना खरीखुरी धास्ती होती. म्हणून सुई आणि चिमटा यांच्या मधला तो वेळ त्यांनी प्रभूला देऊन टाकला होता. गावात त्यावरून विनोद चालत. दात उपटायला जावं तर या बाई पापाच्या मुळाशी हात घालतात, असं लोक म्हणत. काही जण त्यापायी दुसऱ्या दवाखान्यात गेले. काही जण मात्र दाढ दुखायची थांबल्यावरही येत राहिले आणि पुढे रविवारच्या उपासनेला दिसू लागले.

गोष्ट एकच असायची. धाकट्याची.

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. घरात सगळे त्याला धाकट्याच म्हणत. हातात कसब होतं, वेल्डिंग असं करायचा की सांधा शोधूनही सापडू नये. पण दारू पोटात गेली की घरातलं एक भांडं जागेवर राहत नसे. एका दुपारी बाई त्याच्या उशाशी बसल्या आणि बोलत राहिल्या. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. बोलता बोलता त्याची पाठ हलायला लागली. त्या दिवसापासून बाटली सुटली. पुढे दुकान टाकलं, लग्न झालं, चर्चच्या मंडळीत मान मिळाला. दर वर्षी एका खास रविवारी तो उभा राहून देवानं आपल्याला कसं बदललं याची साक्ष द्यायचा, आणि ती ऐकायला लांबून लांबून लोक यायचे. "लोखंड तापवून वाकवता येतं, माणूस नाही," बाई पेशंटला सांगायच्या. "पण माझा भाऊ वाकला. मी डोळ्यांनी पाहिलं."

आणि गेल्या महिन्यात त्याची बायको जिन्यावरून पडून गेली.

घराला बाहेरून जिना होता, उभा, कठडा नसलेला. खाली धाकट्याचं दुकान, वर राहायची जागा. ओल्या कपड्यांची बादली वरच्या पायरीवर तशीच होती आणि ती खाली. धाकटा इतका आक्रोश करत होता की त्याला धरायला दोन-तीन माणसं लागली. बाईंनी भावजयीचे डोळे मिटले. ओठ मिटायला गेल्या तेव्हा पुढचा दात दिसला, त्यांनीच बसवलेली कॅप, शेजारच्या दातांच्या रंगाशी तंतोतंत जुळवलेली. तेव्हापासून कुणाचंही तोंड उघडलं की पहिल्यांदा तो दात दिसायचा. मग बाकीचे.

भावजयीची थोरली बहीण दवाखान्यात आली ती सगळ्या पेशंटबरोबर रांगेत बसून. ती पोस्टाच्या खिडकीवर कामाला होती. नंबर लागल्यावर आत आली, दार ओढून घेतलं आणि सरळ खुर्चीत बसली.

"दात माझे ठणठणीत आहेत, ताई. बाहेर लोक आहेत म्हणून इथे बसते."

"बोला ना."

"गेल्या वर्षी तिचा पुढचा दात तुटला होता. तुम्ही बसवून दिलात."

"हो."

"कशानं तुटला होता?"

डॉक्टरबाई ट्रेमधली हत्यारं नीट लावू लागल्या. ती नीटच होती. "पडली होती."

"असं ती म्हणाली?"

"धाकट्यानं सांगितलं."

"मी तिचं विचारतेय. ती काय म्हणाली?"

"तिच्या तोंडात कापूस होता," बाई म्हणाल्या. "बोलली काहीतरी. मला कळलं नाही."

बहीण छताकडे बघत पडून राहिली. वरचा दिवा तिच्या डोळ्यांवर येत होता, पण तिनं डोळे मिटले नाहीत.

"तिच्या मृत्यूची चौकशी करणारे साहेब विचारतात, याआधी कुणी काही पाहिलंय का. मी काय सांगणार? माझ्याकडे येणं तिनं कधीच बंद केलं होतं. फोन केला की सगळं छान. जेवण छान, झोप छान, नवरा छान." ती उठून बसली. "इतकं छान कुणाचं असतं का हो, ताई?"

बाईंनी वरचा दिवा बाजूला केला. बहीण दारापाशी थांबली. "मला तुमच्या भावाचं वाईट चिंतायचं नाही. तो 'पडली' म्हणू दे, 'देवाची मर्जी' म्हणू दे. मला फक्त माझ्या बहिणीचं म्हणणं हवंय. ते कुणाकडेच नाही."

ते बाईंकडे होतं.

दात तुटला त्या दिवशी धाकटाच तिला घेऊन आला होता. "न्हाणीत पाय घसरला बघ," म्हणाला आणि तिची पर्स मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसून राहिला. बाईंनी तिचा ओठ उलटा करून पाहिला. आतून फाटला होता, तिच्याच दातानं. दात आतल्या बाजूला मोडला होता. पडणारा माणूस हात पुढे करतो. तिचे तळवे स्वच्छ होते. हनुवटीवर ओरखडासुद्धा नव्हता. जबड्याखाली मात्र एक निळसर डाग होता, अंगठ्याएवढा, आणि दुसऱ्या बाजूला तसेच पण लहान. बाईंच्या डोळ्यांनी हे सगळं एका नजरेत पाहिलं. हात आपलं काम करत राहिले. सुई दिली, रक्त थांबावं म्हणून ओठाशी कापूस दाबून बसवला. आणि तोंड, सवयीनं, गोष्ट सांगू लागलं.

"तुझ्याच नवऱ्याचं बघ ना, पोरी. काय होता आणि काय झाला. प्रभूच्या हातात दिलं की माणूस..."

भावजयीनं त्यांचं मनगट धरलं. घट्ट. डोळे दाराकडे गेले, परत आले.

"ई अअले आई."

बाईंनी तिचा हात थोपटला आणि हळूच आपल्या मनगटावरून काढून तिच्या मांडीवर ठेवला. "बोलू नकोस. भूल उतरू दे, मग सांग."

भूल उतरली तेव्हा धाकटा आत येऊन उभा होता. "झालं का, ताई?" म्हणाला. भावजय आरशात नवा दात बघत होती. ती हसली. तिनं पुन्हा काही सांगितलं नाही, आणि बाईंनी पुन्हा काही विचारलं नाही.

कापूस तोंडात असलेल्या माणसाचं बोलणं आपल्याला कळलं नाही, असं त्या आज बहिणीला म्हणाल्या होत्या. आजवर एकाही पेशंटच्या बाबतीत त्यांना तसं म्हणावं लागलं नव्हतं. मी पडले नाही. इतकं साधं वाक्य होतं.

शनिवारी दुपारी मंडळीच्या सभागृहात त्या नव्या लोकांचा वर्ग घ्यायच्या. विषय ठरलेला, साक्ष कशी द्यावी. खडू घेऊन फळ्यापाशी उभ्या राहिल्या की त्यांच्या अंगात एरवी बळ संचारायचं. त्या दिवशी समोर थोडी माणसं होती, आणि मागच्या खुर्चीत मंडळीचे आताचे पाळकसाहेब बसले होते. बाईंनी नेहमीचंच सांगितलं. भाषण करू नका. वाद घालू नका. तुमच्या बाबतीत काय झालं तेवढं सांगा.

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका माणसानं हात वर केला. "बाई, एक अडतंय. आपल्या गोष्टीत एखादी बाब आपल्यालाच अडचणीची असेल, म्हणजे ऐकणाऱ्याचा विश्वास उडेल अशी, तर ती गाळायची का? देवाच्या कामासाठीच म्हणून?"

हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारायचंच. उत्तरही ठरलेलं होतं.

"साक्षीदार वकील नसतो," बाई म्हणाल्या. "देवाची बाजू सांभाळायचं काम त्यानं आपल्याला दिलेलं नाही. आपण जे पाहिलं, जे ऐकलं..."

पुढचं वाक्य आलं नाही. खडू फळ्यावर टेकलेला तसाच राहिला. लोकांना वाटलं बाईंना भावजय आठवली, आणि ते खरंच होतं. कुणीतरी पाण्याचा पेला आणून दिला.

वर्ग सुटल्यावर पाळकसाहेब खुर्च्या एकावर एक रचू लागले. ते भले गृहस्थ होते. कुणाच्याही घरी कण्हण्याचा आवाज आला की दार वाजवणारे पहिले तेच.

"उद्या नाही, पुढच्या रविवारी धाकट्याची साक्ष आहे," ते म्हणाले. "मी त्याला म्हटलं, जमत नसेल तर राहू दे. पण तो उभा राहतो म्हणतो. एवढ्या दुःखात तो बोलला तर फार लोकांना आधार होईल, बाई."

डॉक्टरबाईंनी एक खुर्ची उचलली, परत खाली ठेवली, आणि सांगितलं. दात, ओठ, तळवे, जबड्याखालचे डाग. आणि ते वाक्य.

पाळकसाहेब रचलेल्या खुर्च्यांना टेकले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला.

"जिन्याचं काय?"

"जिन्याचं मला काही माहीत नाही."

"मग एका दातावरून..." ते थांबले. "मंडळीची साक्ष आहे ही, बाई. त्याच्याकडे बघून किती जण आत आले. ते उद्या काय म्हणतील? सगळं ढोंग होतं, असंच ना?"

"म्हणतील."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते. तुम्हाला?"

"मलाही," पाळकसाहेब म्हणाले. मग म्हणाले, प्रार्थना करू. दोघं उभे राहिले. पाळकसाहेबांच्या तोंडून प्रार्थना कधी अडखळत नसे. लग्न, मयत, पायाभरणी, काही असो. त्या दिवशी "हे प्रभू" म्हणाले आणि पुढे काहीच आलं नाही. दोघं तसेच डोळे मिटून उभे राहिले. शेवटी आमेन कुणी म्हणायचं हे न कळून बाईंनी पर्स उचलली.

घरी आई जेवून पलंगावर आडवी झाली होती. कवळी पेल्यात पाण्यात ठेवलेली. बाईंनी तिच्या पायाशी बसून तिला सगळं सांगितलं. आईनं मध्ये एकदाही विचारलं नाही की कुठला दात, कधीचं. त्यावरूनच बाईंना काय ते समजलं.

"घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच," आई म्हणाली. दातांवाचून तिचे शब्द ओले आणि बसके यायचे.

"भांडं नव्हतं ते, आई. दात होता."

"सून गेली माझी. आता लेकही घालवतेस?"

"तिनं तुला कधी काही सांगितलं होतं?"

"आही," आई म्हणाली.

बाई चपापून मागे सरल्या. खोलीत उजेड होता, खिडकीबाहेर कुणीतरी सायकल पुसत होतं, आणि आईच्या पोकळ तोंडातून खुर्चीतल्या भावजयीचाच आवाज आला होता. आईनं पेल्याकडे हात केला, कवळी बसवली, आणि आता स्वच्छ, प्रत्येक अक्षर सुटं करत म्हणाली,

"नाही. आणि तू पण कुणाला काही सांगायचं नाहीस. घरातलं घरात."

धाकट्याच्या दुकानात ठिणग्या उडत होत्या. बाई डबा घेऊन उंबऱ्यापाशी थांबल्या, डोळ्यांवर हात धरून. मशीन बंद झाल्यावर त्यानं तोंडावरची काळी काच वर केली.

"ताई? ये ना. त्या लोखंडाला हात लावू नकोस, तापलंय."

दोन लाकडी घोड्यांवर एक लांबलचक कठडा आडवा ठेवला होता. जिन्याच्या उतारानं कापलेला, मधोमध वेलबुट्टी केलेला.

"कुणाचं काम?"

"आपलंच," धाकटा म्हणाला. "जिन्याला लावतोय."

"आता?"

त्यानं घोड्याखालचं एक स्टूल पुढे केलं, फडक्यानं पुसलं. तो बारीक झाला होता. दाढी वाढली होती. बाईंना वाटलं, याला काही विचारू नये, डबा पोहोचवावा आणि जावं.

"धाकट्या, तिचा दात कसा तुटला होता?"

"पडली होती ना. तूच बसवलास की."

"ती पडली नव्हती."

त्यानं हातमोजा काढला. एक एक बोट सोडवत.

"तिनं सांगितलं तुला?"

"हो."

"कधी?"

"तेव्हाच. खुर्चीत. तू बाहेर बसला होतास."

धाकट्यानं बाईंकडे पाहिलं. रागावेल, असं बाईंना वाटलं होतं. तो नुसता बघत राहिला, एखादी वस्तू हरवून फार दिवस झाले आणि ती सगळा वेळ शेजारच्याच घरात होती असं कळावं, तसा.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला. "आणि तू माझी गोष्ट सांगतच राहिलीस."

बाईंनी मान खाली घातली.

"एकदाच, ताई. शपथेवर सांगतो. दारू नव्हती प्यायलो. प्यायलो असतो तर बरं झालं असतं, निदान दारूवर ढकलता आलं असतं. ती काहीतरी म्हणाली आणि माझा हात गेला. नंतर मी तिच्या पाया पडलो. मला तुला सांगायचं होतं. पाळकसाहेबांना सांगायचं होतं. पण सांगणार कुठे? जिथे जावं तिथे माझी गोष्ट माझ्याआधी पोचलेली असायची. बेकरीत, सलूनमध्ये. लोक हात धरून म्हणायचे, तुमच्या बहिणीनं सांगितलं, काय बदललात तुम्ही! मग मी काय म्हणू?"

बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली.

"आणि जिन्यावर?" बाईंनी विचारलं.

"मी खाली होतो. मशीन चालू होतं. आवाजसुद्धा आला नाही." त्यानं काळी काच परत खाली ओढली. काचेतून त्याचा चेहरा दिसत नव्हता. "तुला पटतंय ना?"

"मला माहीत नाही, धाकट्या."

"पूर्वी तुला माझं सगळं माहीत असायचं."

मशीन सुरू झालं. बाई बाहेर आल्या. जिना शेजारीच होता. ऊन पडलं होतं, पायऱ्या कोरड्या होत्या. वरच्या पायरीवर बादली अजून होती, पालथी घातलेली. बाईंना वर बघवेना आणि पायही उचलवेना. कुणीतरी वरून खाली यायचं थांबलंय आणि आपण बाजूला झालो की येईल, असं त्यांना वाटत राहिलं. शेवटी त्या खरोखरच बाजूला झाल्या.

सोमवारी त्यांनी दवाखान्याच्या दाराला कुलूप लावलं आणि चौकशीच्या कचेरीत गेल्या.

साहेबांना सर्दी झाली होती. ते नाक पुसत ऐकत होते आणि मधून मधून लिहीत होते. नातं काय, विचारलं. "मी त्याची थोरली बहीण," बाई म्हणाल्या. साहेबांनी पेन खाली ठेवलं, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा उचललं.

दाताचं सांगून झालं. तळव्यांचं, डागांचं सांगून झालं. ते वाक्य बाईंनी दोनदा सांगितलं, एकदा जसं ऐकू आलं तसं आणि एकदा त्याचा अर्थ. दुकानात धाकटा जे बोलला तेही सांगितलं, "एकदाच" म्हणाला हे धरून, आणि खाली होतो म्हणाला हेही धरून.

"तुमचा अंदाज काय?" साहेबांनी विचारलं. "त्यानं ढकललं असेल?"

"अंदाज नको, साहेब. मला प्रिय आहे तो. माझा अंदाज दोन्हीकडून खोटा असेल."

"बरं. ती तुम्हाला म्हणाली, मी पडले नाही. मग तुम्ही काय केलंत?"

हा प्रश्न येईल असं बाईंनी धरलं नव्हतं. खोलीत पंखा फिरत होता. साहेबांच्या टेबलावरचे कागद एका बाजूनं उचलले जात आणि बसत.

"मी तिला गप्प बसवलं," त्या म्हणाल्या. "आणि तिला देवाबद्दल सांगितलं."

"हे लिहायचं?"

"लिहा."

सही करून त्या बाहेर आल्या तेव्हा व्हरांड्यात खिडकीशी भावजयीची बहीण उभी होती. बाईंनीच तिला फोन केला होता. आणि बाकावर धाकटा बसला होता. त्याला कुणी कळवलं, आईनं की पाळकसाहेबांनी, ते बाईंना समजलं नाही. त्यानं दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. दोघं एकमेकांकडे पाठ करून होते, ओळखच नसल्यासारखे.

बाई आधी बहिणीकडे गेल्या. "मला कळलं होतं," म्हणाल्या. "तेव्हाच. ती म्हणाली, मी पडले नाही."

बहिणीनं तोंडावर हात ठेवला. मग खिडकीकडे वळली आणि तिचे ओठ हलले. ते वाक्य ती स्वतःशी म्हणून बघत होती.

बाई बाकावर धाकट्याशेजारी येऊन बसल्या.

"सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"हो."

"सगळं?"

"पाहिलं तेवढं. ऐकलं तेवढं."

"आणि जिन्याचं?"

"तू म्हणालास ते सांगितलं. जिन्यावर मी कुठे होते?"

धाकटा आपल्या हातांकडे बघत होता. कितीही घासले तरी नखांच्या कडांची काळी रेघ जात नसे. आतून साहेबांच्या शिंकेचा आवाज आला.

"जिन्यावर मी होतो," तो म्हणाला.

बाईंना आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी वळून पाहिलं. त्याचा चेहरा मोकळा होता, काही झाकलेलं नव्हतं, आणि तो त्यांच्याकडे बघत नव्हता. तो उठला. शर्ट सारखा केला, दारापर्यंत गेला आणि बोटाच्या पेरानं हळूच वाजवलं, आजाऱ्याच्या खोलीचं वाजवावं तसं.

"या," आतून आवाज आला.

थांब, हा शब्द डॉक्टरबाईंच्या ओठांपर्यंत आला. त्यांनी बाकाची कड धरली आणि तो उच्चारला नाही. धाकटा आत गेला. दार त्यानं स्वतःच ओढून घेतलं.